नायगाराचा पहिला दोर

गेल्या जानेवारीत कॅनडाला जाण्याचा योग आला. टोरांटोजवळ मिसिसॉगा या गावी माझा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. "ऐन थंडीत कोणी तिकडे जाते का?" असे येवल्यात ज्याने त्याने विचारले. तिकीट स्वस्त मिळाले हे उत्तर मी सर्वांना दिले आणि व्यापारी माणसांना ते पटलेही. खरे कारण निराळे होते. धाकटा भाऊ आणि भावजय उन्हाळ्यात तिथे राहून आले होते. आम्ही दोघे भाऊ एका वेळी एका छताखाली असणे गेली काही वर्षे कोणालाच सोयीचे नव्हते. म्हणून त्यांच्या वाट्याला उन्हाळा आला आणि आमच्या वाट्याला हिवाळा.

विमानतळाबाहेर पाऊल टाकताच थंडीने नाकातले केस ताठ झाले. उणे पंधरा अंश हा आकडा आपण वर्तमानपत्रात वाचतो. तो अंगावर घेणे ही वेगळी गोष्ट आहे. पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे आमच्या चौविहाराची घाई दुपारी साडेतीनपासूनच सुरू होई. सूनबाई कामावरून धावतपळत येऊन साडेचारला गरम भाकरी ताटात वाढत असे. परमुलुखात राहून एवढे सांभाळणाऱ्या त्या मुलीचे मला फार कौतुक वाटले. सौभाग्यवतींनी मात्र पहिल्याच दिवशी खिडकीतून बाहेर पाहून सुस्कारा टाकला. ज्या बाईने आयुष्यात बर्फाचा खडा तोंडाला लावला नाही, पाणी गाळल्यावाचून आणि उकळल्यावाचून घेतले नाही, तिच्या चहूबाजूंना कोसभर बर्फच बर्फ पसरला होता. "अपकायाचे एवढे जीव एका जागी," ती म्हणाली, "पाय तरी कुठे ठेवावा?"

घरात अकरा वर्षांची नात होती. तिच्या शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन होते आणि प्रत्येक मुलाने एखादा प्रयोग करून दाखवायचा होता. इतर मुले ज्वालामुखी आणि लिंबाची बॅटरी करत असताना हिने ठरवले होते की आपण बर्फाचा पतंग उडवायचा.

मी हसलो. पतंगाच्या बाबतीत येवल्याच्या माणसाला कोणी काही शिकवू नये असा आमचा समज असतो. आमच्या गावाची ओळख दोनच गोष्टींनी होते, पैठणी आणि पतंग. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव जमिनीवर नसते, गच्चीवर असते. हलकडीचा ठेका आणि आसारीवरून सरसर सुटणारा दोरा हे कानांत घेऊनच आम्ही मोठे झालो. तेव्हा मी तिला आजोबांच्या अधिकाराने सांगितले, "बेटा, पतंगाला कागद लागतो. बर्फ जड असतो."

"किती जड?" तिने विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. संध्याकाळी तिने वहीत हिशेब मांडून दाखवला. एक चौरस मीटर पसरलेला आणि केवळ एक मिलिमीटर जाडीचा बर्फाचा पापुद्रा नऊशे ग्रॅमांहून थोडा अधिक भरतो. पतंगाचा तेवढाच कागद वीस-पंचवीस ग्रॅमांत येतो. म्हणजे माझे म्हणणे खरे होते. पण तिने पुढची ओळ वाचली. ताशी छत्तीस किलोमीटर वेगाचा वारा समोर आलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे सहा किलो वजनाइतका रेटा देतो. म्हणजे वारा जोराचा असेल, तर वजनाची अडचण पार करता येते. खरी अडचण दुसरीच होती. बर्फ वाकत नाही. पतंगाला वाऱ्याबरोबर थोडे वाकावे लागते आणि जो वाकत नाही तो तडकतो.

पहिला प्रयत्न तडकलाच. ताटात पातळ पाणी ओतून, त्यात दोरा आणि काड्या ठेवून तिने ते रात्रभर बाहेर गोठवले होते. सकाळी उचलताना त्याचे पापडासारखे तुकडे झाले. दुसऱ्या खेपेला तिने बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा बांधला आणि त्यावर आपल्या आजीच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, जुन्या मलमलच्या ओढणीचा दोन फुटी तुकडा ताणून बसवला. नंतर फवाऱ्याने त्यावर पाण्याची धूळ मारली, ती गोठू दिली, पुन्हा मारली. तासाभरात तो मऊ तुकडा काचेच्या तावदानासारखा कडक झाला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो एकशे साठ ग्रॅम भरला. कोरडा असताना सत्तर होता. सौभाग्यवती हे सारे दारातून पाहत होती. वाटीभर पाण्यात काम झाले आणि नळ उगाच वाहिला नाही, एवढ्यावर तिने समाधान मानले.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी आम्ही ओन्टारिओ सरोवराच्या काठी गेलो. वारा असा होता की उभे राहणे कठीण. मी पतंग धरून वीस पावले मागे गेलो आणि सोडला. विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, तो उठला. दोन पुरुष उंच गेला आणि उन्हात असा चमकला की आरशाचा तुकडा आकाशात अडकला आहे असे वाटावे. मिनिटभर तो तसाच थरथरत राहिला. मग वाऱ्याचा एक झोत आला, पतंग वाकला, बर्फ सालपटासारखा गळून पडला आणि हलकी झालेली ओढणी गिरक्या घेत खाली आली. नात टाळ्या वाजवत होती. तिच्या मते प्रयोग यशस्वी झाला होता, कारण नुसता बर्फ उचलतानाच मोडला आणि कापडाच्या धाग्यांनी धरलेला बर्फ निदान मिनिटभर उडाला.

पुतण्याने त्यावर एक जुनी हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक नावाच्या इंग्रज गृहस्थाने बर्फाची प्रचंड जहाजे बांधण्याची कल्पना मांडली होती. साधा बर्फ फार ठिसूळ, पण पाण्यात लाकडाचा थोडा लगदा मिसळून गोठवला की तो आश्चर्यकारक मजबूत होतो, हे त्या कामात लक्षात आले. १९४३ मध्ये याच कॅनडात, अल्बर्टा प्रांतातील पॅट्रिशिया सरोवरावर, बर्फाच्या नौकेचा साठ फुटी नमुना बांधूनही पाहिला गेला. पुढे खर्च आणि अडचणी पाहून ती योजना सोडून दिली. पण धागा आत असेल तर बर्फही तग धरतो, ही गोष्ट त्यातून उरली.

घरी परतताना नातीने सहज विचारले, "मोठे आजोबा, तुमच्या गावी दोऱ्याला काच का लावतात?"

"दुसऱ्याचा पतंग कापायला."

"का?"

मी गाडीच्या काचेबाहेर पाहत राहिलो. पुढे बसलेल्या पुतण्यानेही मान वळवली नाही.

वाचकहो, इथे मला थोडे मागे जावे लागेल. येवल्यात आमचे वडिलोपार्जित किराणा आणि कटलरीचे दुकान होते. संक्रांतीच्या दिवसांत आम्ही पतंग आणि दोरा ठेवत असू. २०१५ च्या सुमारास बाजारात नायलॉनचा मांजा जोरात आला. तो तुटत नाही, स्वस्त पडतो आणि गिऱ्हाईक तोच मागते. मी पेट्या मागवल्या. धाकट्या भावाने विरोध केला. मी म्हणालो, आपण नाही विकला तर समोरचा विकेल. करीच्या दिवशी संध्याकाळी त्याने एक पारवा आणून गल्ल्यावर ठेवला. त्याच्या पंखात आमच्याच दुकानातला हिरवा मांजा हाडापर्यंत रुतला होता. गिऱ्हाइकांच्या देखत भाऊ म्हणाला, "दादा, या गल्ल्यावर मी उद्यापासून बसणार नाही." चारचौघांत झालेला तो अपमान मला सहन झाला नाही. मी उत्तर दिले, "मग वाटणी करून घे."

त्याने ती करून घेतली. दुकानाच्या मधोमध नऊ इंची भिंत उठली. पारवा रात्रीच गेला होता. पुढे २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तेव्हा भावाचे बरोबर होते हे मला सरकारी कागदानेही सांगितले. मनाने तर त्या रात्रीच सांगितले होते. तरीही दरवर्षी संवत्सरीला मी शेकडो लोकांना फोनवरून 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवत राहिलो आणि त्या यादीत भावाचेही नाव होते. त्याच्याकडूनही तसाच संदेश येई. नऊ इंचांपलीकडे जाऊन तोंडाने मात्र कोणीच बोलले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही नायगाराला गेलो. मिसिसॉगाहून दीड तासाचा रस्ता आहे. ओन्टारिओ सरोवराला वळसा घालत, पानगळ झालेल्या द्राक्षमळ्यांमधून तो जातो. वेलींच्या रांगा बर्फात अर्ध्या बुडाल्या होत्या. धबधबा दिसण्याआधी त्याचा ढग दिसतो. गावातल्या उंच इमारतींच्याही वर पांढरी वाफ उठलेली असते. जवळ गेल्यावर तीच वाफ अंगावर येते आणि अंगावरच गोठते. झाडांच्या फांद्या, कठडे, दिव्यांचे खांब, सारे काही बोटभर जाडीच्या बर्फाने मढलेले होते. माझ्या मफलरला हात लावला तर तो नातीच्या पतंगासारखा कडकड वाजला.

घोड्याच्या नालाच्या आकाराचा जो मोठा धबधबा आहे, त्याच्या अगदी कड्यापाशी कठड्याला टेकून उभे राहता येते. हिरवट काचेसारखे पाणी वळते आणि पन्नास मीटरांहून खोल कोसळते. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० मध्ये झालेल्या करारानुसार यातले बरेचसे पाणी विजेसाठी वळवले जाते. तरीही हिवाळ्यात सेकंदाला निदान चौदा लाख लिटर पाणी धबधब्यावरून सोडावेच लागते, उन्हाळ्यात दिवसा त्याच्या दुप्पट. पाण्याचा लोटा जपून रिकामा करणारी माझी सहधर्मचारिणी ते पाहत किती तरी वेळ हात जोडून उभी होती. तिने काय म्हटले हे मी विचारले नाही.

खाली दरीत नदीवर बर्फाचे डोंगर साचले होते. एरी सरोवरातून वाहत आलेले तुकडे धबधब्याखाली एकावर एक चढतात, वरून तुषार पडून ते सांधले जातात आणि या तीरापासून त्या तीरापर्यंत बर्फाचा पूल तयार होतो. पूर्वी लोक हौसेने त्यावरून चालत, त्यावर टपऱ्या टाकून खाण्यापिण्याचे पदार्थही विकत. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी तो पूल एकाएकी फुटला आणि तीन माणसे वाहून गेली. तेव्हापासून त्यावर पाऊल ठेवण्यास मनाई आहे. निसर्गाने जोडलेले निसर्गाच्याच मर्जीवर राहते, हे त्या जागी उभे राहून कळते.

धबधब्यावरून पुतण्याने गाडी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली, उत्तरेकडे घेतली. सुमारे चार किलोमीटरांवर दरी अरुंद होते. तिथे पोलादी कमानीचा जुना पूल आहे, व्हर्लपूल रॅपिड्स ब्रिज. प्रवासी इथे सहसा येत नाहीत. खाली नदी अशी उसळत असते की एवढ्या थंडीतही पाणी गोठत नाही. बर्फाचे चिरे त्यावर आपटत, फुटत पुढे जातात. पलीकडचा कडा अमेरिकेचा. मधले अंतर आठशे फूट, म्हणजे येवल्याच्या बाजारपेठेच्या एका टोकापासून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला कशीबशी पोहोचावी एवढे. "काका," पुतण्या म्हणाला, "तुम्हाला मुद्दाम इथे आणले. या पुलाचा पहिला दोर पतंगाने नेला होता."

ती हकिकत त्याने तिथे थोडक्यात सांगितली. पुढे गावच्या वाचनालयातून पुस्तके आणून मी ती नीट वाचून घेतली.

१८४७ साली चार्ल्स एलेट नावाच्या अभियंत्याने या ठिकाणी झुलता पूल बांधण्याचे काम पत्करले. झुलत्या पुलासाठी आधी एक तार पलीकडे न्यावी लागते. पण न्यायची कशी? दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच ताठ कडे आणि खाली होडी टिकणार नाही असा प्रवाह. कोणी म्हणाले तोफेच्या गोळ्याला दोर बांधून उडवावा, कोणी अग्निबाण सुचवला. थिओडोर हुलेट नावाच्या स्थानिक लोखंडकाम करणाऱ्याने म्हणे पोरांना पतंग उडवू देण्याची कल्पना काढली. तेव्हा जाहीर झाले की जो मुलगा दरीपलीकडे पतंग पोहोचवून दोर पक्का करील, त्याला रोख बक्षीस. बक्षीस अवघे काही डॉलर होते.

अमेरिकेच्या बाजूला राहणाऱ्या होमन वॉल्श या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पतंग तयार केला आणि त्याचे नाव ठेवले 'युनियन', म्हणजे ऐक्य. वारा पश्चिमेकडून वाहतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून कॅनडाच्या कड्यावरून पतंग सोडणे भाग होते. १८४८ च्या जानेवारीत तो धबधब्याखालच्या नावेने नदी ओलांडून इकडे आला आणि कड्याच्या कडेने दोन मैल चालत या जागी पोहोचला. पतंग चढला. दिवस गेला, रात्र झाली, मुलगा ढील देत उभाच होता. मध्यरात्रीच्या सुमारास वारा पडला. दोर सैल होऊन खाली दरीत झुकला आणि नदीतल्या धारदार बर्फावर घासून तुटला.

काचेच्या मांजाने दोर कापला जातो हे आम्ही जन्मभर पाहिले. बर्फाने कापलेला दोर मात्र मी प्रथमच ऐकत होतो.

मुलाची खरी परीक्षा यानंतर झाली. नदीत बर्फ इतका साचला की नाव बंद पडली. घर समोरच्या तीरावर आणि तो या तीरावर. असे आठ दिवस तो अडकून पडला. नाव सुरू झाल्यावर तो घरी गेला, पतंग मिळवला, फाटलेला दुरुस्त केला आणि पुन्हा नदी ओलांडून याच कड्यावर आला. दुसऱ्या खेपेस वाऱ्याने साथ दिली. पतंग पलीकडे उतरला आणि तिथल्या लोकांनी दोर झाडाला बांधून टाकला.

मी कठड्याला हात टेकून त्या पलीकडच्या झाडांकडे पाहत राहिलो. आमच्या खेळात जिंकणे म्हणजे दुसऱ्याचा दोर कापणे. पतंग काटला की गच्च्यांवरून आरोळी उठते. या मुलाच्या खेळात जिंकण्याचा अर्थ होता आपला दोर समोरच्या माणसाच्या हाती लागणे. पलीकडे कोणी तो धरला नसता आणि झाडाला बांधला नसता, तर कितीही उंच गेलेला पतंग फुकट होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या बारीक दोराला थोडा जाड दोर बांधून ओढून घेतला, त्याला त्याहून जाड, मग दोरखंड आणि शेवटी छत्तीस तारांचा पोलादी पीळ. त्यावर लोखंडी पाळणा टांगून १३ मार्च रोजी एलेट स्वतः पलीकडे गेला. मग लोक पैसे देऊन त्या पाळण्यातून जाऊ लागले. जुलै संपता संपता फळ्यांचा झुलता पूल तयार झाला आणि त्यावरून घोडागाडी धावली.

या गोष्टीचा पुढचा भाग पुष्कळजण सांगत नाहीत. आपल्यासारख्या व्यापारी घरांनी मात्र तो मुद्दाम ऐकावा. पुलावर जकात जमू लागली आणि त्या पैशांवर हक्क कोणाचा यावरून एलेट आणि पूल-कंपनीचे संचालक यांच्यात तंटा लागला. वर्ष संपायच्या आत एलेट काम सोडून निघून गेला. आठशे फुटांची दरी ज्याने सांधली, त्याला आपल्या भागीदारांमधली वीतभर फट सांधता आली नाही. आगगाडीचा मोठा पूल पुढे जॉन रोबलिंग याने त्याच जागी बांधला. तो मार्च १८५५ मध्ये खुला झाला. वरून गाडी जाई आणि खालच्या मजल्यावरून घोडे, बैल, माणसे जात. सध्याचा पोलादी पूल १८९७ चा आहे. एका मागून एक तीन पूल याच ठिकाणी उभे राहिले.

त्याच १८४८ सालची आणखी एक गोष्ट पुतण्याने सांगितली. पाळणा सुरू झाल्यावर पंधराएक दिवसांनी, २९ मार्चच्या रात्री, नायगाराचा आवाज थांबला. धबधब्याच्या गर्जनेत झोपणारी माणसे शांततेने जागी झाली. एरी सरोवराच्या मुखाशी बर्फाचा बांध साचून पाणी अडले होते. दिवसभर लोक कोरड्या पात्रात उतरून हिंडले आणि १८१२ च्या युद्धातल्या संगिनी वेचू लागले. देवळांतून प्रार्थना झाल्या. तीस तासांहून अधिक काळ लोटल्यावर बांध फुटला आणि पाणी गर्जत परत आले. आता सरोवराच्या तोंडाशी हिवाळ्यात तरंगता अडसर घालतात आणि तसा बांध सहसा साचू देत नाहीत.

नात मध्येच म्हणाली, "पप्पा, आठ दिवस तो मुलगा रडला असेल ना?"

"असेल," पुतण्या म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात तो पुढे बोलला, "पण आठच दिवस थांबला."

त्याला जे म्हणायचे होते ते मला कळले. उन्हाळ्यात त्याने आपल्या वडिलांनाही याच कड्यावर आणून हीच गोष्ट सांगितली असावी, असा संशय मला तेव्हा आला. परतीच्या वाटेवर मी विचारले. तो म्हणाला, "हो. पप्पा काही बोलले नाहीत. नुसते पलीकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, दादाला पतंगाचा नाद होता, त्याला हे आवडेल."

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर अंधार पडला होता. चौविहार रस्त्यातच, बरोबर आणलेल्या खाकऱ्यांवर आणि थर्मासमधल्या उकळलेल्या पाण्यावर उरकला होता. हिवाळ्यात नायगाराला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी ही एक सोय जरूर करावी. बुटांचे तळवे खरखरीत असावेत, कारण कठड्याजवळची फरशी आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. आणि धबधबा पाहून झाल्यावर चार किलोमीटर पुढे अवश्य जावे. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. एक जुना पूल, एक खोल दरी आणि समोरच्या कड्यावरची झाडे, एवढेच.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. म्हणजे येवल्यात सकाळचे सात. भाऊ सामायिक आटोपून, दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघण्याच्या बेतात असणार हे मला ठाऊक होते. इतक्या वर्षांनंतरही त्याचे वेळापत्रक मला माझ्या वेळापत्रकाइतकेच पाठ आहे. भिंतीपलीकडे शटर वर गेल्याचा आवाज रोज ऐकू येतो ना. मी फोन हातात घेतला. संदेश लिहिणे सोपे होते. बोटे तिकडेच वळत होती. सौभाग्यवती समोर बसली होती, तिने काही सुचवले नाही. मी नंबर लावला.

घंटी वाजत राहिली. वारा पडतो आहे असे मला वाटले. मग पलीकडून आवाज आला, "बोल, दादा."

काय बोलावे हे मी वाटेत ठरवले होते; त्यातले एकही वाक्य आठवले नाही. पारव्याचे बोलायचे होते, हिरव्या मांजाचे बोलायचे होते, गिऱ्हाइकांसमोर म्हटलेल्या त्या एका वाक्याचे बोलायचे होते. मी एवढेच म्हणालो, "तुझ्या नातीने बर्फाचा पतंग उडवला. भावजयीची ओढणी कामी आली."

तो हसला. मग थोडा वेळ दोघेही गप्प होतो.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तो पारवा माझ्या हिशेबातला आहे."

"थंडी किती आहे तिकडे?" त्याने विचारले. त्याचा आवाज जड झाला होता. "कान झाकून घेत जा. तुला लहानपणापासून कानाचा त्रास."

दोर बारीकच होता, पण पलीकडे त्याने तो धरला होता. मी सांगितले की आम्ही महिनाअखेरीस परततो आहोत. तो म्हणाला, "रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. मी घरात ठेवायला सांगतो."